फाल्त्सला जायचे तर आधी वार पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की प्रवास पुरवण्यांत जर्मनीचे तेच थांबे छापून येतात: म्युनिक, नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा, ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनवरची बोट. देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या अल्सासला लागून असलेला फाल्त्स त्यात क्वचितच सापडतो. सापडला तरी ‘किल्ले, जंगल आणि वाइन’ या तीन शब्दांत उरकलेला असतो. तेवढ्या माहितीवर तिथे गेलेल्या माणसाच्या पदरी बंद दार आणि निघून गेलेली बस येण्याची शक्यता बरीच. फाल्त्समध्ये काय पाहायचे हे ठरवणे सोपे आहे, पण कुठल्या वारी पाहायचे यावर सगळा बेत तरतो किंवा बुडतो. म्हणून हे पत्र.

आधी भूगोल. पूर्वेला ऱ्हाइनचे सपाट मैदान, पश्चिमेला हार्ट नावाची डोंगरकड, आणि दोन्हींच्या मधल्या उतारावर द्राक्षमळ्यांची लांबलचक पट्टी. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरामागच्या जंगलात रिकामे होतात. त्यामुळे पूर्वेचा उतार कोरडा आणि उबदार राहतो, आणि तिथे द्राक्षांबरोबर अंजीर, बदाम आणि चेस्टनटही पिकतात. याच पट्टीतून सुमारे ८५ किलोमीटरचा ‘डॉइचे वाइनश्ट्रासे’ हा रस्ता जातो, उत्तरेच्या बोकेनहाइमपासून फ्रेंच सीमेवरच्या श्वायगेन-रेख्टेनबाखपर्यंत. नाझी राजवटीने साठलेली वाइन खपवण्यासाठी १९३५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. श्वायगेनची दगडी वाइन-कमान त्यानंतर वर्षभराने उभी राहिली. सहलीच्या बस बहुतेक याच कमानीपाशी थांबतात, आणि खरे पाहण्यासारखे तिथून पुढे डोंगरात सुरू होते.

डोंगर म्हणजे फेल्त्सरवाल्ड. जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या सलग जंगलांपैकी हे एक. १९९२ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९९८ पासून सीमेपलीकडच्या उत्तर व्होजसह ते दोन देशांचे एकत्र क्षेत्र झाले. सगळा खडक तांबडा वालुकाश्म, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले काही थर कठीण, काही भुसभुशीत. मऊ थर वाऱ्यापावसाने खात गेले आणि कठीण थर छपरासारखे पुढे उरले. हिंटरवायडेनटालचा ‘टॉयफेल्सटिश’, म्हणजे सैतानाचे टेबल, असाच उभा आहे: सुमारे १४ मीटर उंच, खाली पाय आणि वर जाड फळी. किल्ले बांधणाऱ्यांनी याच खडकांचा फायदा घेतला. जिने, खोल्या, टाकी, गवाक्षे थेट दगडात कोरली आणि वर भिंती चढवल्या. भिंती बहुतेक पडल्या, कोरलेले मात्र टिकले. १५२५ चे शेतकऱ्यांचे बंड, तीस वर्षांचे युद्ध आणि मग १६८८ ते १६९७ च्या युद्धात चौदाव्या लुईच्या फौजा, अशा लागोपाठच्या तडाख्यांतून फार थोडे किल्ले धड वाचले.

मुक्कामाला गाव निवडताना देखणेपणापेक्षा रेल्वे पाहावी. नॉयश्टाट आणि लांडाउ ही दोन गावे सर्वांत सोयीची. नॉयश्टाटहून गाड्या पूर्वेला मानहाइम, पश्चिमेला कायझर्सलाउटर्न, उत्तरेला डाइडेसहाइम आणि बाड ड्युर्कहाइम, दक्षिणेला एडेनकोबेन आणि लांडाउ अशा चारही बाजूंना जातात. फ्रँकफर्ट विमानतळावरून मानहाइमपर्यंत वेगवान गाडी आणि पुढे एस-बान ही उपनगरी गाडी, असे साधारण दीड तासात पोहोचता येते. लांडाउहून आनवायलरला जाणारी गाडी ट्रिफेल्स किल्ल्यासाठी उपयोगी. सांक्ट मार्टिन किंवा रोटसारखी लाकडी चौकटीच्या घरांची गावे रात्री राहायला सुंदर आहेत, पण तिथे रेल्वे नाही आणि संध्याकाळनंतर बस विरळ होते. खेड्यांत रिकामी टॅक्सी हात दाखवून मिळत नाही. काही मार्गांवर उशिरा ‘रुफटॅक्सी’ असते, पण तिला बराच वेळ आधी फोन करून सांगावे लागते. स्टॉपवर उभे राहून ती येत नाही.

तिकिटांचे गणित घरीच करावे. डॉइचलांड-टिकेट २०२६ पासून महिना ६३ युरोला आहे आणि देशभरच्या लोकल, प्रादेशिक गाड्या आणि बस त्यात चालतात, मात्र आयसीई व आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. विमानतळ ते मानहाइम हा टप्पा वेगवान गाडीने केला तर त्याचे तिकीट वेगळे. हे तिकीट म्हणजे वर्गणी असते. ती साधारणपणे महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावी लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. पंधरा तारखेला उतरणाऱ्याने हे विकत घेण्याआधी वाचावे. चार-पाच जण एकत्र फिरणार असतील तर ऱ्हाइनलांड-फाल्त्स-टिकेट हे दिवसाचे सामाईक तिकीट बहुधा स्वस्त पडते, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते. काही हॉटेलांत राहिल्यास ‘फाल्त्सकार्ड’ मिळते. त्यात स्थानिक प्रवास आणि पुष्कळ ठिकाणांचा प्रवेश येतो. खोली ठरवतानाच ते मिळते का विचारावे, कारण सगळे हॉटेलवाले त्यात नसतात.

आता वारांकडे. जंगलातल्या पाऊलवाटांवर ‘ह्युटे’ म्हणतात अशी खाण्यापिण्याची घरे आहेत, शंभराहून अधिक. त्यातली बरीच फेल्त्सरवाल्ड-फेराइन या १९०२ मध्ये स्थापन झालेल्या पदभ्रमण संघाच्या शाखा चालवतात. या ह्युटे-संस्कृतीची नोंद २०२१ मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. तिथे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, म्हणूनच पुष्कळ ह्युटे फक्त बुधवारी, शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी उघडतात. मंगळवारी पाचशे मीटर चढून गेल्यावर बंद खिडकी पाहायची नसेल तर त्या त्या ह्युटेचे दिवस आदल्या रात्री तपासावेत. स्वयंपाक संध्याकाळी लवकर थांबतो, पाच वाजता पोहोचलेल्याला थंड पावावर भागवावे लागू शकते.

आत गेल्यावर वाढपी येण्याची वाट पाहू नये. खिडकीपाशी रांग लावायची, पेय आणि जेवण सांगायचे, पैसे रोख द्यायचे, ताट स्वतः उचलायचे आणि झाल्यावर परत नेऊन ठेवायचे. लांब बाकावर जागा दिसली की ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे ‘इथे जागा आहे का?’, एवढे विचारून अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचे. रिकामे टेबल शोधत फिरणे तिथल्या रीतीला धरून नाही. कार्ड चालेल असे गृहीत धरू नये, दहा-वीसच्या नोटा आणि सुटे जवळ असावे.

पेय बहुधा ‘शोर्ले’ असते, म्हणजे वाइन आणि सोड्याचे पाणी, अर्ध्या लिटरच्या ‘डुब्बेग्लास’मध्ये. वर रुंद, खाली निमुळता असा हा जाड काचेचा ग्लास. त्याच्या अंगावर बोटाच्या पेराएवढे गोल खळगे असतात, सॉसेजने तेलकट झालेल्या हातातून तो निसटू नये म्हणून. फसगत होते ती इथेच. फाल्त्समध्ये शोर्लेत पाण्याला कमी मान आहे, ग्लासाचा पाऊण भाग वाइन असणे नेहमीचे. म्हणजे एका ग्लासात जवळजवळ अर्धी बाटली झाली. दोन ग्लासांनंतर वालुकाश्माच्या गुळगुळीत पायऱ्या उतरणे धोक्याचे आहे. न पिणाऱ्यांची मात्र तिथे अजिबात अडचण होत नाही. ‘ट्राउबेनझाफ्ट’ हा द्राक्षाचा रस सर्वत्र मिळतो, त्याचीही शोर्ले करून देतात, आणि त्याच खळग्यांच्या ग्लासातून देतात.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर. ‘झाउमागेन’ हा इथला मानाचा पदार्थ: डुकराच्या पोटात बटाटे, मांस आणि मसाले भरून शिजवलेला. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी तो डाइडेसहाइममध्ये मार्गारेट थॅचर आणि गोर्बाचेव्ह यांना खाऊ घातला होता. ज्यांना तो नको त्यांनी ‘वायसर केज’ मागावा, म्हणजे कांदा आणि हिरवी पात घातलेला मऊ चक्क्यासारखा क्वार्क आणि सोबत उकडलेले बटाटे. ‘डाम्फनूडेल’ हा वाफेवर फुललेला, खालून खारट-खरपूस झालेला पावाचा गोळा व्हॅनिलाच्या किंवा वाइनच्या सॉसबरोबर येतो. बटाट्याचे सूप, फ्लामकूखेन (पातळ पिझ्झासारखा प्रकार) आणि कांद्याचा केक ही नावे शाकाहारी वाटतात, पण तिघांतही डुकराच्या चरबीचे तुकडे असण्याचा संभव मोठा. ‘ओने श्पेक, ओने फ्लाइश’ (डुकराची चरबी नको, मांस नको) असे स्पष्ट सांगावे, आणि सूप आधीच शिजलेले असल्यामुळे त्यातून काही काढता येत नाही हे लक्षात ठेवावे.

वाइनच्या गावांचे वार ह्युटेंच्या उलट असतात. डाइडेसहाइम, फोर्स्ट, वाखेनहाइम या मधल्या पट्ट्यात रिसलिंग या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचे नावाजलेले मळे आहेत, आणि तिथली ‘वाइनगुट’, म्हणजे वाइन बनवणारी घरे, चव घ्यायला आणि विक्रीला सोमवार ते शनिवार उघडी असतात. रविवारी बरीच बंद. छोट्या घरी फोन किंवा ईमेल करून वेळ घेणे हाच शिष्टाचार. चार-सहा वाइन थोड्या थोड्या ओततात. घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात संकोच नसावा. शेवटी एक-दोन बाटल्या घेणे अपेक्षित असते. ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ हा आणखी एक प्रकार. उत्पादक वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीसपर्यंत खुर्च्या मांडून, स्वतःची वाइन आणि साधे जेवण देतो. दारावर डहाळी किंवा झाडू टांगलेला दिसला की ते उघडे आहे असे समजायचे.

बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली तर पैसे वाया जात नाहीत. ‘ट्रोकेन’ म्हणजे कोरडी, लिटरला कमाल ९ ग्रॅम साखर आणि तीही आम्लता पुरेशी असेल तरच. ‘हाल्बट्रोकेन’ त्याहून जराशी गोड, ‘लीबलिख’ उघड गोड. घोटाळा होतो तो ‘श्पेटलेझे’ शब्दाने. तो द्राक्षे तोडताना किती पिकली होती ते सांगतो, ग्लासात किती गोडी आहे ते नाही. ‘श्पेटलेझे ट्रोकेन’ ही चांगलीच कोरडी असते, आणि गोड समजून नेलेली बाटली घरी कोणी संपवत नाही. भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आहे. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी हद्द ओलांडते. गावात घेतलेली बाटली केबिनच्या पिशवीत चालत नाही, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवावी. शरदात मिळणारी ‘नॉयर वाइन’ मात्र तिथेच प्यावी. ती अजून आंबत असते, वायू बाहेर पडावा म्हणून तिचे झाकण घट्ट नसते आणि बाटली आडवी केली की सगळी पिशवीत सांडते.

किल्ल्यांत पहिला हाम्बाख, नॉयश्टाटहून बसने किंवा जंगलातून चढत जाऊन. २७ मे १८३२ रोजी इथे वीस-तीस हजार माणसे जमली आणि काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन एकसंध, स्वतंत्र जर्मनीची मागणी करत टेकडी चढली. झीबेनफायफर आणि विर्ट हे दोन पत्रकार त्यामागे होते, हे वृत्तपत्राच्या वाचकांना आवडावे. तेव्हा फाल्त्स बव्हेरियाच्या ताब्यात होता आणि जकातींनी वाइनचा बाजार मोडला होता. म्हणून ड्युर्कहाइमच्या मळेवाल्यांनी त्या मिरवणुकीत स्वतःचा काळा झेंडा नेला, वाइन पिकवणाऱ्यांवर शोकाची पाळी आली आहे अशा मजकुराचा. प्रदर्शनात त्या वेळचा मूळ तिरंगी झेंडा जपून ठेवला आहे. आतले प्रदर्शन न पाहता गच्चीवर फोटो काढून परतणारे खूप, आणि ते अर्धाच किल्ला पाहतात.

आनवायलरचा ट्रिफेल्स सुमारे ४९४ मीटर उंचीवर आहे. स्टेशनपासून चढ तीनशे मीटरचा, सव्वा ते दीड तास धरावा. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९३ च्या वसंतात इथे सम्राट सहाव्या हाइनरिखच्या कैदेत होता, आणि साम्राज्याचा मुकुट व राजचिन्हे बाराव्या-तेराव्या शतकांत बराच काळ इथे ठेवलेली होती. आज दिसतात त्या प्रतिकृती, मूळ वस्तू व्हिएन्नात आहेत. दर्शनी वाडाही बराचसा १९३८ नंतर रचलेला आहे. मध्ययुगीन दगडाला हात लावायचा असेल तर डानजवळचा आल्टडान गाठावा. आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन हे तीन किल्ले एकाच खडकाच्या धारेवर शेजारी शेजारी आहेत आणि कोरीव जिने, खोबणी, पहाऱ्याच्या खोल्या जवळून पाहता येतात. डानला रेल्वेने जायचे तर पुन्हा वार आडवा येतो: हिंटरवायडेनटालहून बुंडेनटालकडे जाणारी गाडी मे ते ऑक्टोबर, बुधवारी, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी धावते. इतर दिवशी बस. ह्युटेंचे वारही तेच, म्हणून डानचा दिवस बुधवारी ठेवला की दोन्ही साधतात आणि शनिवार-रविवारची गर्दीही टळते.

आणखी दक्षिणेला, नोटवायलरहून चार किल्ल्यांची पायवाट निघते. वेगेल्नबुर्ग ५७२ मीटरवर, फाल्त्समधला सर्वांत उंच किल्ला. तिथून थोड्याच अंतरावर होएनबुर्ग आणि ल्योवेनश्टाइन, मग खाली फ्लेकेनश्टाइन. शेवटचे तीनही फ्रान्समध्ये. सीमा म्हणजे जंगलातला एक दगड, पण पासपोर्ट जवळच हवा. नोटवायलरला बस मोजक्या असल्याने या एका दिवसासाठी मोटार भाड्याने घेणे योग्य. चालवणाऱ्याजवळ आंतरराष्ट्रीय परवाना असावा आणि त्याने त्या दिवशी वाइनला हात लावू नये. रक्तातल्या मद्याची कायद्याने मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, पण गाडी डगमगली किंवा अपघात झाला तर ०.३ वरही गुन्हा लागतो, आणि नवशिक्या किंवा २१ वर्षांखालील चालकाला शून्य.

जंगलात चालताना पाट्यांवरची वेळ न थांबता चालणाऱ्याची असते, त्यात निम्म्याने भर घालावी. मायकामरहून काल्मिट शिखर (६७३ मीटर) म्हणजे सुमारे पाचशे मीटरचा चढ. स्टेशन गावाबाहेर आहे, तो अर्धा तास वेगळा धरावा. फोनला दऱ्यांमध्ये रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवावा. वाटेवर ‘रेटुंग्सपुंक्ट’ लिहिलेल्या क्रमांकाच्या पाट्या दिसतील. ११२ ला फोन करताना तो क्रमांक सांगितला की मदत नेमक्या जागी येते. धारेवर पिण्याचे पाणी मिळत नाही, माणशी दीड लिटर न्यावे. गवतात गोचिड्या असतात: पूर्ण विजार, मोज्यांत खोचलेली, आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासणी. गोचीड तेल लावून न मारता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारे लाल कडे दिसले तर डॉक्टरांकडे जावे, भारतात परतल्यावर दिसले तरी गोचीड चावल्याचे सांगावे.

ऋतूंबद्दल थोडक्यात. मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. मार्चमधल्या बदामाच्या फुलोऱ्यावर विमानाचे तिकीट काढू नये. गिमेल्डिंगेनच्या बदाम-जत्रेची तारीख फुले पाहून ऐनवेळी जाहीर होते, आणि व्हिसा इतका लवचिक नसतो (शेंगेनचे शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, आणि निदान ३० हजार युरोचा आरोग्य विमा बंधनकारक). ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी वाइनश्ट्रासे मोटारींना बंद असते आणि सायकलस्वारांनी भरून जाते. सायकल असेल त्याला पर्वणी, बसने येणाऱ्याला कोंडी. बाड ड्युर्कहाइमची ‘वुर्स्टमार्क्ट’ ही प्रचंड वाइन-जत्रा सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारला धरून भरते. शनिवारी रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते, सोमवारी दुपारी तीच जत्रा बाकावर बसून पाहता येते. मुक्काम नॉयश्टाटला ठेवावा आणि रेल्वेने ये-जा करावी. हिवाळ्यात पुष्कळ किल्ले बंद असतात किंवा लवकर बंद होतात. रविवारी दुकाने वर्षभर बंद, त्यामुळे वाटेतले खाणे शनिवारीच घेऊन ठेवावे. सोमवार-मंगळवार ही खेड्यांतल्या उपाहारगृहांच्या सुट्टीची नेहमीची जागा. तो दिवस श्पायरसाठी राखावा, सुमारे १०३० मध्ये बांधायला घेतलेले तिथले कॅथेड्रल पाहण्यात तो चांगला जातो. मात्र सोमवार असेल तर संग्रहालयाची सुट्टी आधी तपासावी.

आपल्या पुरवणीत परदेशातल्या ठिकाणांवर लेख येतो तेव्हा शेवटी ‘कसे जाल’ अशी चौकट असते. त्यात विमानतळाचे नाव आणि हॉटेलांचे दर असतात. त्याच चौकटीत आणखी तीन ओळी द्याव्यात, अशी विनंती: तिथली साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी, परतीची शेवटची बस किंवा गाडी साधारण किती वाजता, आणि रोख पैसे लागतात का. सहल कंपन्यांच्या जाहिराती शेजारच्याच पानावर असतात. ‘वाइन गावात दोन तास’ असे लिहिणाऱ्यांना हे तीन प्रश्न वाचकांनी पैसे भरण्याआधी विचारावेत, आणि ते विचारायला त्यांना आपल्या पानानेच शिकवावे.

आपला,
एक नियमित वाचक